एक रिंग म्हणजे जेवली

“काही फोन उचलायचे नसतात, मॅडम. हे त्या डब्याला कोण समजावणार?”

टेलिफोन बोर्डावरच्या एकनाथकाकांनी हे विचारलं तेव्हा रुचिता तामोरे नव्या टेलिफोन यंत्रणेचा फॉर्म भरत होती, आणि अशी शंका लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. ती मान वर न करता म्हणाली, “काका, आता सगळं आपोआप होणार आहे. तुम्ही काळजी करू नका.” काका “बरं” म्हणाले आणि आपला जेवणाचा डबा घेऊन कँटीनकडे गेले. काळजी करणं हे खरं तर रुचिताचं खातं होतं. ते तिने त्या दिवशी दहा मिनिटं बंद ठेवलं, आणि नेमकं त्याच दहा मिनिटांत ते उघडं असायला हवं होतं.

कुंभवलीतल्या त्या कारखान्यात कापडाला लागणारे रंग बनायचे. रुचिता परदेशी मालाचे कागद करायची. कारखान्यात आत मोबाईल न्यायला बंदी. सकाळी गेटवर तो द्यायचा, पत्र्याच्या खणात तो दिवसभर निजणार, संध्याकाळी परत घ्यायचा. नवरा दर्पण दुसऱ्या कारखान्यात, त्याचाही मोबाईल दुसऱ्या गेटवरच्या दुसऱ्या खणात. आणि अडीच वर्षांची स्वरा नवापूरला आजीकडे. म्हणजे आई इथे, बाप तिथे, दोघांचे फोन खणात, आणि पोरगी समुद्राच्या बाजूला वाळत घातलेल्या बोंबलांखाली खेळतेय. सकाळी साडेआठपासून रुचिताच्या डोळ्यांपुढे हे चित्र असायचं. त्यात कधी कुत्रं यायचं, कधी भरती.

यावर तोडगा काढला होता सासूबाईंनी, हंसाबाईंनी. त्यांनी ऑफिसच्या बोर्डाचा नंबर मागून घेतला आणि सांगितलं, एक रिंग दिली म्हणजे पोरगी जेवली. दोन दिल्या म्हणजे झोपली. तीन दिल्या म्हणजे हातातलं टाकून ये.

“आई, आता फोनला वेगळे पैसे पडत नाहीत. सरळ बोला ना,” रुचिता म्हणाली होती.

“बोलायला काय हाय? फोन उचलला का तू इचारशील किती खाल्लं, काय खाल्लं, वरण घातलं का नाय. जेवली म्हंजे जेवली.”

त्यामुळे दोन वर्षं रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास कारखान्याच्या बोर्डावर एक रिंग वाजायची आणि बंद व्हायची. बोर्डावर एकनाथकाका असायचे. एकतीस वर्षं त्यांनी हजारो फोन उचलले, पण हा एक त्यांनी कधी उचलला नाही. ते मोजायचे. मग आतल्या लाइनवर रुचिताला सांगायचे, “मॅडम, एक.” रुचिताच्या घशाखाली घास तेव्हा उतरायचा. पाऊण तासाने, “मॅडम, दोन.” तीन कधी आली नाही.

मग नीलेशसरांनी इंटरनेटवरचा फोन आणला.

नीलेशसर म्हणजे एक्स्पोर्टचे मॅनेजर. त्यांची अडचण खरीच होती. मोंबासाची गिऱ्हाइकं परदेशातला अनोळखी नंबर पाहिला की फोन उचलत नव्हती. त्यावर उपाय असा की, तिथल्या एजंट किंजलबेन यांच्या दुकानात एक काळा डबा ठेवायचा, डब्यात तिथली चार सिमकार्डं घालायची. कुंभवलीहून केलेला फोन इंटरनेटवरून त्या डब्यापर्यंत जाणार आणि डब्यातून गावातला फोन होऊन बाहेर पडणार. गिऱ्हाइकाला वाटेल, पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी बोलतंय. दोन्ही देशांच्या परवानग्यांचे कागद रुचितानेच जोडले होते, त्यामुळे ते चोख होते. चूक कागदात नव्हतीच.

चूक फॉर्मच्या तिसऱ्या पानावर झाली. तिथे विचारलं होतं, एखादा फोन उचलायचा राहून गेला तर काय करावं? विकायला आलेल्या माणसाने सांगितलं, राहिलेला प्रत्येक फोन म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. यंत्र त्या नंबरला आपणहून उलट फोन लावील, आणि त्याच वेळी कामावर असलेल्या विक्रेत्याला लाइनवर आणून दोघांना जोडून देईल. रुचिताने ‘हो’वर खूण केली. पुढचा प्रश्न होता, जेवणाच्या सुट्टीत कामावर कोण? कुंभवलीत तेव्हा कुणीच नसतं. मोंबासा मात्र अडीच तास मागे, तिथे सकाळचे दहा. रुचिताने लिहिलं, किंजलबेन. नीलेशसरांनी हे वाचून तिची पाठ थोपटली.

बोर्ड निघाला. एकनाथकाकांना निवृत्तीला चार महिने होते, तेवढ्यापुरतं त्यांना गेटवर मोबाईलच्या खणांपाशी बसवलं. एकतीस वर्षं फोन जोडणाऱ्या माणसाला फोन गप्प ठेवायचं काम मिळालं. बोर्डाच्या जागेवरून उठताना त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

सोमवारी यंत्र सुरू झालं. बारा वाजून चाळीस मिनिटांनी नवापुरात स्वराने वरणभात संपवला. हंसाबाईंनी एक रिंग दिली आणि फोन ओट्यावर ठेवला.

फोन वाजला.

दोन वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. ऑफिसचाच नंबर. हंसाबाईंनी अर्थातच तो उचलला नाही, मोजला. आठ रिंगा झाल्या. आठला काही अर्थ ठरलेला नव्हता. आपली रिंग पोचली नसेल, असं समजून त्यांनी पुन्हा एक दिली. फोन पुन्हा वाजला. पुन्हा आठ. त्यांनी पुन्हा एक दिली. यंत्र थकत नाही, आणि हंसाबाई तर आयुष्यात थकल्या नव्हत्या. असं सतरा वेळा झालं.

तिकडे मोंबासात सतराही वेळा किंजलबेनचा मोबाईल वाजला, आणि प्रत्येक वेळी एक गोड बाई इंग्रजीत सांगत होती की, गिऱ्हाईक लाइनवर येत आहे, कृपया थांबा. किंजलबेन थांबल्या. गिऱ्हाईक येईना. पण लगेच पुन्हा फोन करी. अर्ध्या तासात सतरा वेळा फोन करणारं गिऱ्हाईक किंजलबेनच्या बावीस वर्षांच्या धंद्यात झालं नव्हतं. त्यांनी नीलेशसरांना कँटीनच्या फोनवर कळवलं की, कुणीतरी फार मोठी पार्टी आहे, फार लाजाळू आहे, आणि फार घाईत आहे. नीलेशसरांनी कँटीनमधला घास तसाच ठेवला, वर येऊन यंत्रात त्या नंबरपुढे ‘अति महत्त्वाचे गिऱ्हाईक’ अशी नोंद केली आणि किंजलबेननाही लाइनवर घेऊन स्वतः तो नंबर लावायला बसले.

तो नंबर कुणाचा, हे त्या मजल्यावर एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती व्यक्ती शेजारच्या खोलीत डबा उघडून बसली होती. एक वाजला होता. कुणी “मॅडम, एक” म्हटलं नव्हतं. काका बोर्डावर नाहीत, हे रुचिताला डोक्याने माहीत होतं, पण घशाला माहीत नव्हतं. एक वाजून पाच मिनिटांनी तिला तो फॉर्म आठवला. तिसरं पान आठवलं. तिने संगणकावर राहिलेल्या फोनांची यादी उघडली.

सासूबाईंचा नंबर. सतरा वेळा.

एक म्हणजे जेवली. दोन म्हणजे झोपली. तीन म्हणजे हातातलं टाकून ये. सतरा म्हणजे काय, याचा हिशेब करायला ती थांबली नाही. तिने टेबलावरून नंबर लावला, तो व्यस्त लागला, कारण नीलेशसर तोच लावत होते. पुन्हा लावला तर वाजत राहिला. सासूबाई उचलणार नाहीत हेही तिला ठाऊक होतं. दोन वर्षांच्या शिस्तीचा प्रश्न होता.

गेटवर एकनाथकाका नव्हते, जेवायला गेले होते. बदलीच्या वॉचमनने खणातून मोबाईल काढून दिला. समोर रिक्षा उभी होती.

“नवापूर. जल्दी.”

“मॅडम, उधर से खाली आना पडता है.”

“भैया, चलो.” तिचा चेहरा पाहून रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली.

आता नवापुरात काय झालं होतं ते पाहू. हंसाबाई ओट्यावर बसून तोच हिशेब करत होत्या. एक, दोन, तीन. जितक्या रिंगा जास्त, तितकी गोष्ट गंभीर. तीन म्हणजे ये. आठ म्हणजे तर येऊनही उशीर झाला असेल. आणि आठ एकदा नाही, सतरा वेळा. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच विचार सुचतो. त्यांनी कोंबड्या झाकल्या, दाराला कुलूप लावलं, स्वराला कडेवर घेतलं आणि नाक्यावर दुपारपाळीची बस उभी होती तिच्यात चढल्या. ड्रायव्हरने सांगितलं की, ही कामगारांची बस आहे. हंसाबाईंनी सांगितलं की, सून कामगारच आहे. तेवढ्या बोलण्यात बस सुटली.

सासू आणि सून रस्त्यात कुठेतरी एकमेकींच्या शेजारून गेल्या. बससाठी रिक्षा बाजूला घ्यावी लागली म्हणून रुचिताने बसला मनातल्या मनात शिव्याही दिल्या.

घराला कुलूप होतं. तिने ते दोनदा ओढून पाहिलं. शेजारची रखमा जाळीवर सुकट पालथी करत होती. तिने जे पाहिलं ते सांगितलं, आणि पाहिलं त्यापेक्षा जरा जास्तच सांगितलं.

“हंसा पोरीला उचलून पळतच गेली बघ. डोल्याला पदर लावलेला. मी इचारलं कुठं, तर बोलली, आठ, आठ. काय आठ ते देव जाने.”

“स्वरा कशी होती? रडत होती? डोळे उघडे होते?”

“पोर तर हसत होती बाय. म्हातारीच रडत होती.”

हसत होती, हे वाक्य रुचिताला ऐकूच आलं नाही. तिने दर्पणच्या गेटला फोन लावला, तिथून निरोप पाठवतो म्हणाले. बोईसरच्या दोन दवाखान्यांना लावला. तिसऱ्याचा नंबर शोधत होती, तेवढ्यात हातातला मोबाईल वाजला आणि बंद झाला.

पडद्यावर नाव होतं ‘एकनाथकाका बोर्ड’. एकच रिंग.

त्या नावाच्या माणसाने तिला कधी मोबाईलवर फोन केला नव्हता. आणि एका रिंगेचा अर्थ जगात चारच माणसांना ठाऊक होता. त्यातली एक ती स्वतः. ती हळूच ओट्यावर बसली. रखमाने पाणी आणून दिलं. वीस मिनिटं ती फोनकडे बघत राहिली, आणि मग दोन रिंगा आल्या.

रिक्षावाला अजून उभाच होता. “बोला था ना, खाली जाना पडेगा,” तो म्हणाला, “बैठिए.”

तिकडे गेटवर झालं ते असं. बसमधून उतरलेल्या हंसाबाईंना कारखाना जागेवर दिसला, धूर नाही, धावपळ नाही, तेव्हा आधी त्यांना राग आला. मग त्यांनी सुनेला बोलवा म्हणून सांगितलं. वॉचमनने नियमाप्रमाणे त्यांचा मोबाईल घेऊन खणात ठेवला आणि सून आत्ताच बाहेर गेली असं सांगितलं. हंसाबाई स्टुलावर बसल्या. स्वरा खाली बसून मोबाईलला लावायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडवायला लागली. तेवढ्यात एकनाथकाका जेवून आले आणि त्यांनी विचारलं, कोण पाहिजे.

“रुचिता तामोरे. मी सासू तिची.”

काकांनी हातातला डबा खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही एक रिंगवाल्या.”

हंसाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आन तुमी न उचलणारे.”

दोन वर्षांची ओळख, पण पहिल्यांदाच बोलत होते. खणात हंसाबाईंचा मोबाईल वाजायला लागला. काका मोजायला लागले, हंसाबाईही मोजायला लागल्या. आठ. पुन्हा वाजला. पुन्हा आठ.

“मगाधरून हेच चाललंय,” हंसाबाई म्हणाल्या, “तुमी देत होते ना?”

“मी नाही. मला काढलं तिथून. आता डबा देतो.”

“मंग डब्याला सांगा ना, जेवली म्हून.”

खणातला फोन उचलायचा नाही, असा गेटचा नियम. आणि हा नंबर तर उचलायचाच नाही, असा काकांचा स्वतःचा. पण पोरगी बिचकायला लागली होती. हंसाबाई म्हणाल्या, घ्या, तुमाला सवय हाय. काकांनी मोबाईल बाहेर काढला, एकतीस वर्षांच्या सवयीने गळा साफ केला आणि फोन उचलला.

पलीकडे एकदम दोन माणसं होती. मोंबासाहून किंजलबेन आणि वरच्या मजल्यावरून नीलेशसर. दोघांनीही एकाच वेळी नमस्कार केला. नीलेशसर इंग्रजीत म्हणाले की, आपण आम्हाला इतक्या वेळा आठवलंत हा आमचा सन्मान आहे, आपण कुठे आहात तेवढं सांगा, आमचा माणूस लगेच येईल.

“साहेब, गेटवर,” काका मराठीत म्हणाले.

“कुणाच्या गेटवर?”

“आपल्याच.”

नीलेशसर रंगांच्या नमुन्यांची पेटी घेऊन जिने उतरून आले. टाय सरळ केलेला होता. गेटवर त्यांना एक म्हातारी दिसली, एक लहान मुलगी दिसली आणि तिला आपल्या उरलेल्या पोळीला गूळ लावून घास भरवणारे एकनाथकाका दिसले. पार्टी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. काकांनी हंसाबाईंकडे बोट केलं. हंसाबाईंनी पेटीकडे पाहिलं.

“रंग नको आमाला. होडीला दिलाय यंदा.”

फोन अजून चालूच होता. मोंबासाहून किंजलबेन विचारत होत्या, “नीलेशभाई, पार्टी का क्या नाम है?” नीलेशसर टाय सैल करत होते, तेव्हा हंसाबाईंनी फोन आपल्याकडे घेतला आणि त्यांनाच विचारलं की, बाय, तू कोण, आणि जेवलीस का. किंजलबेन म्हणाल्या, अजून नाही, सकाळपासून फोनच चालू आहे. हे उत्तर त्यांनी नीलेशसरांना वर्षभरात दिलेल्या कुठल्याही उत्तरापेक्षा आनंदाने दिलं असावं, कारण त्यानंतर त्या दोघी दहा मिनिटं बोलत होत्या. न बोलण्याची शिस्त हंसाबाईंची फक्त सुनेपुरती होती, हे तेव्हा उघड झालं.

स्वराने पोळी संपवली होती. काकांनी आपला मोबाईल काढून रुचिताला एक रिंग दिली. सरळ बोलले असते तर तिने दहा प्रश्न विचारले असते, आणि हातात पोरगी होती. वीस मिनिटांनी स्वरा रजिस्टरवर डोकं ठेवून झोपली, तेव्हा त्यांनी दोन दिल्या.

त्यानंतर यंत्रातला तो ‘हो’ रुचिताने पुसला. नीलेशसरांनी अहवालात लिहिलं की, यंत्रणेची कार्यक्षमता सिद्ध झाली. काळा डबा मोंबासाला छान चालतो, गिऱ्हाइकं फोन उचलतात. काकांचे चार महिने मात्र गेटवर मोजण्यात गेले. हंसाबाई त्यांच्या मोबाईलवर रिंग द्यायच्या, ते आत निरोप पाठवायचे. निरोपसमारंभाला कंपनीने त्यांना बोर्डावरचा जुना काळा टेलिफोन भेट दिला. तो कशालाच जोडलेला नव्हता.

आता स्वरा बोईसरला बालवाडीत जाते आणि तिथल्या बाई डब्याचे फोटो पाठवतात. म्हणजे रिंगांची गरज संपली. पण हंसाबाईंनी त्या थांबवल्या नाहीत. काका पालघरला एकटेच राहतात, हे त्यांना गेटवर कळलं होतं. दुपारी जेवल्या की त्या काकांना एक रिंग देतात. काका जेवले की उलट एक देतात. फोनवर दोघं आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत.

परवा उलट रिंग आली नाही. कालही नाही. हंसाबाई म्हणाल्या, असंल कामात. पण बोंबील निवडताना त्यांनी फोन सुपाजवळ ठेवला होता, हे रुचिताने पाहिलं. “तुम्ही बोला ना एकदा,” ती म्हणाली. “मी कशी बोलू? माझा कवा उचलला त्यांनी?” मग रुचितानेच लावला. अकरा रिंगा वाजल्या. उचलला नाही. तिचं म्हणणं, या घरचा फोन ते उचलणारच नाहीत, आणि आता अकराचा अर्थ काय, याचा हिशेब करत एकटेच बसले असतील. दर्पण म्हणतो, तू फार विचार करतेस. तसं तिने एकदा काकांनाही सांगितलं होतं, काळजी करू नका म्हणून.

इथल्या, म्हणजे तारापूरच्या पट्ट्यातल्या, कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. आज मंगळवार आहे, आणि स्वराला कालपासून ताप आहे. म्हणून तुमच्यापैकी कुणी पालघरला राहत असेल तर एवढं करा. स्टेशनच्या पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर एका खिडकीत काळा टेलिफोन ठेवलेला दिसेल. तिथे जरा डोकावून या. आणि काकांना सांगा की, अकराला काही अर्थ नाही. जेवलात का, एवढंच विचारायचं होतं.